निरोपाचा फोन

रविवार, १४ जून २००९. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. रक्तदाता म्हणून नाव नोंदवायला साजाटोला या वस्तीतली चौतीस माणसे गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेच्या व्हरांड्यात बसली होती आणि रक्तदाता मंडळाची नोंदणी करणाऱ्या उमराव कापगते यांच्या संगणकाने त्यांपैकी एकाचीच नोंद घेतली होती.

दुसऱ्या माणसापाशी गाडी अडली. पडद्यावर तांबडी ओळ उमटली : ‘हा मोबाइल क्रमांक आधीच नोंदलेला आहे.’ उमरावांनी चष्मा कपाळावर सारला, क्रमांक पुन्हा विचारला, एकेक आकडा जपून दाबला. पुन्हा तीच ओळ.

“हा नंबर तुमचाच आहे ना?”

“माहा कायचा जी? मुन्नालालच्या दुकानाचा हाय.” समोर बसलेल्या खुशाल रहांगडालेने शांतपणे सांगितले. “आमच्या टोल्यात वाजनारा फोन त तेवढाच हाय. बाकीच्याइले टावरच नाही भेटत.”

“पण प्रत्येकाने आपला वेगळा नंबर दिला पाहिजे.”

“वेगळा कोठून आनू? बजारात वाट्यानं भेटते का?”

मागे हशा पिकला. पदर कमरेला खोचून उभी असलेली एक उंच, सावळी बाई सगळ्यांत मोठ्याने हसली. ती खुशालची आत्या, अनुसयाबाई. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली आणि टोल्यातल्या प्रत्येक घरात हक्काने शिरणारी.

खुशाल टेबलावर वाकला आणि वडीलधाऱ्याला समजवावे तसा हळू आवाजात म्हणाला, “तुमी कायले तरास करून घेता जी? शेवटचा आकडा बदलवून टाका. मागच्या सालच्या शिबिरात बी असाच अडला होता. मंग त्या पोट्ट्याले आमी सांगितला, एक्केचाळीस नाही घेत का, बेचाळीस टाक. बेचाळीस नाही, त त्रेचाळीस. मशीनचा मन राखला, झाला.”

उमरावांचे हात कळफलकावरच थांबले.

आठ महिने जी गोष्ट कोणाला उलगडली नव्हती, ती या माणसाने चहाची ऑर्डर द्यावी इतक्या सहज सांगून टाकली होती. गेल्या दिवाळीत एका मुलासाठी रक्त हवे होते. गोंदियाच्या रक्तदाता मंडळाने आपल्या संकेतस्थळावरून साजाटोल्यातल्या त्या गटाच्या माणसांचे क्रमांक काढले, तर एक कटनीच्या कापड दुकानात लागला, एकाने शिव्या घातल्या, बाकीचे अस्तित्वातच नव्हते. मंडळाने त्या साऱ्या नोंदी पुसल्या आणि तेव्हापासून तिथे म्हणत, खेड्यातली माणसे नाश्त्यासाठी येतात आणि खोटे नंबर लिहून जातात. प्रत्यक्षात खोटे कोणी बोललेच नव्हते. फॉर्मने एक हट्ट धरला होता आणि भल्या माणसांनी तो पुरवला होता.

उमरावांनी संगणक मिटला आणि पिशवीतून कोरे कागद काढले.

“आकडा बदलायचा नाही. सगळ्यांनी हाच नंबर द्या. नावे मी लिहून घेतो आणि घरी जाऊन भरतो.”

“भराल ना जी?” अनुसयाबाईने विचारले. “का मागच्यावानी बिस्किट देऊन वाटे लावाल?”

“भरतो, बाई. शब्द देतो.”

“शब्द राहू द्या तुमच्यापाशी. नाव भरा.”

*

उमराव मूळचे नवेगावबांधच्या बाजूचे. घराण्यात कधीकाळी कोणी तलाव बांधले होते म्हणतात. त्यांच्या वाट्याला आला तो डाग देण्याचा तापता लोखंडी खिळा. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी गोंदियात रेलटोलीला रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकले. रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्ही बिघडले की लोक ते दुरुस्त करण्याऐवजी बदलू लागले, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या उमरावांनी संगणकाचा वर्ग लावला आणि विशीतल्या पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसून तो पुरा केला. दुकानाची पाटी तीच राहिली, आतले सामान बदलले. मंडळाचे संकेतस्थळ ते विनामोबदला सांभाळत. त्यामागे एक कारण होते.

१९९९ साली त्यांच्या पत्नीची, कुंदाबाईंची, पोटाची शस्त्रक्रिया झाली. रक्त मिळेना. शेजारचा चहावाला स्टेशनवर धावला आणि फलाटावर दिसेल त्याला विचारत सुटला. त्याच्यामागून पांढऱ्या गणवेशातला एक मालगाडीचा गार्ड आला, खाटेवर आडवा झाला आणि बाही वर केली. उमराव त्याच्यासाठी दूध आणायला गेले. परत येतात तो खाट रिकामी. “बोले, गाड़ी का टाइम है,” एवढेच परिचारिका म्हणाली. पुढे दोन दिवस उमराव दुधाचा तोच गडू हातात घेऊन फलाटावर उभे राहिले. पण गोंदिया जंक्शनला चारी दिशांच्या गाड्या येतात आणि चारी दिशांचे गार्ड उतरतात. कोणालाच सांगता येईना. कुंदाबाई बऱ्या झाल्या, घरी आल्या, अजूनही सुपात लाखोळीची डाळ पाखडताना नवऱ्याला चार शब्द सुनावत. आभार मात्र राहिले ते राहिलेच.

*

मंडळाची कचेरी एका भुसार दुकानाच्या माडीवर होती. सचिव केशोराव हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वच्छ लेंगा, स्वच्छ अक्षर आणि तितकाच स्वच्छ संशय. उमरावांचे कागद त्यांनी वरून खाली वाचले.

“एका नंबरवर चौतीस माणसं? उमरावभाऊ, ये रक्तदाता सूची है या बारात?”

“नंबर खरा आहे, केशोराव.”

“मागच्या वर्षीचेही खरेच होते म्हणे.” केशोरावांचा आवाज उतरला. “तुम्ही त्या दिवशी नव्हता. फोन मी फिरवत होतो. त्या पोराचा बाप समोर बसला होता, माझ्या बोटाकडे बघत. प्रत्येक नंबराला त्याचा चेहरा थोडा उजळायचा आणि पुन्हा विझायचा. नागपूरहून पिशवी आली म्हणून पोर वाचलं. पण मला पुन्हा तसं बसायचं नाही.”

उमरावांनी शेवटच्या आकड्याची हकीकत सांगितली. केशोराव आधी हसले, मग त्यांचे हसू मावळले.

“म्हणजे खोटं बोलायला आपणच शिकवलं त्यांना.”

“फॉर्मने शिकवलं.”

“फॉर्म आपलाच ना? बरं. पण माझा प्रश्न उरतोच. फोन दुकानात वाजणार, माणूस शेतात असणार. निरोप कोण नेणार?”

प्रश्न रास्त होता. उमराव म्हणाले, “हेच फॉर्मला विचारायला लावतो.”

“लावा. जुलैअखेरपर्यंत थांबतो. तोवर एकदा तरी त्या नंबरावरून माणूस मिळाला पाहिजे. नाही मिळाला, तर साजाटोला मी यादीतून कापतो. बुरा मत मानना.”

“मानत नाही,” उमराव म्हणाले. आणि त्यांनी खरेच मानले नाही.

*

सोपा मार्ग होता. ज्या तयार प्रणालीवर हे संकेतस्थळ उभे होते तिची मूळ फाइल उघडायची आणि ‘एक क्रमांक, एकच माणूस’ हा नियम पुसून टाकायचा. पण त्या वाटेवरचा खड्डा उमरावांनी पाहिला होता. संकेतस्थळ उभारणाऱ्या नागपूरच्या मुलाने मराठी शब्द असेच मूळ फायलींत घुसवले होते. पुढे सुरक्षेसाठी प्रणालीची नवी आवृत्ती चढवली, जुन्या फायली गेल्या आणि त्यांच्याबरोबर सगळे मराठीही वाहून गेले. साजाटोल्याच्या माणसांना असे वाळूवर बसवायचे नव्हते.

ती प्रणाली वापरणाऱ्यांची इंटरनेटवर चर्चेची एक चौपाल होती. तिथे उमरावांनी आपल्या तंत्रनिकेतनी इंग्रजीत प्रश्न मांडला. सकाळी उत्तर आलेले होते. लिहिणाऱ्याचे नाव कसे उच्चारावे हेही त्यांना कळेना. उत्तराचा मथितार्थ असा : मूळ गाभ्याला हात लावू नका, त्यात बाहेरचे काम अडकवायला हुक ठेवलेले आहेत, ते वापरा. खाली बारा-पंधरा ओळींचे उदाहरण होते.

उमराव ते उदाहरण वाचत राहिले. सुपातून मान वर न करता कुंदाबाईंनी विचारले, “सकाळपासून का करून राहिले जी? चहा दोनदा थंडा झाला.”

“हे पाहा. हा फॉर्म प्रणाली स्वतः तयार करते. पन पडद्यावर मांडाच्या आधी एक हाक देते : फॉर्म तयार हाय, कोनाले काही बदलवायचा हाय का?”

“आन् कोनी ओ नाही देली त?”

“त जसाचा तसा मांडते. पन आपन ठरलेल्या नावाचा प्रोग्रामचा एक तुकडा लिहून ठेवला, त ते पुरा फॉर्म आपल्या हाती देते. मंग रकाना काढा, नवा टाका, वरचा खाली करा, नियम उठवा. आपन वापस केला की मंग मांडते. मूळ फायलीले बोट बी नाही लावायचा.”

कुंदाबाईंनी सूप थांबवले. त्यांचे माहेर तलावाकाठचे. “मंग सरळ सांगा ना. पार फोडायची नाही, तुडुम उघडायचा.”

उमराव पत्नीकडे पाहतच राहिले. तलावाची पाळ, जिला त्यांच्याकडे पार म्हणतात, बांधतानाच जुनी माणसे तिच्या पोटात पाणी सोडायचे दगडी तोंड ठेवत. ते तुडुम. खाली तेव्हा शेते असत किंवा नसतही. पुढे कोणाची बांधी, म्हणजे धानाचे शेत, कुठे निघेल, पाणी कुठे वळवावे लागेल, हे बांधणाऱ्याला ठाऊक नसे. पण कोणाला तरी लागेल एवढे त्याला ठाऊक असे.

“तेच,” ते म्हणाले. “अगदी तेच.”

त्यांनी आपला तुकडा लिहिला. तीन कामे नेमून दिली. क्रमांक पुन्हा आला तर अडवणारा नियम या फॉर्मपुरता उठवला. ‘मोबाइल क्रमांक’ हे शब्द काढून तिथे ‘निरोपाचा फोन’ असे लिहिले. आणि त्याखाली दोन नवे रकाने जोडले : ‘हा फोन कोणाचा?’ आणि ‘तुमच्यापर्यंत निरोप कोण पोचवील?’ सगळे जतन करून त्यांनी फॉर्म उघडला. काहीही बदलले नव्हते. तोच जुना फॉर्म, तेच जुने शब्द.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस अशा वेळी वैतागत नाही. तो मागून पुढे एकेक सांधा तपासतो. त्यांनी अक्षर न् अक्षर पडताळले. तुकडा बरोबर होता. दुपारी कुठे उलगडा झाला : हाक कोणाकोणाला द्यायची याची यादी प्रणाली एकदाच करते आणि जपून ठेवते. ती जुनी साठवण रिकामी करीपर्यंत नवा माणूस दारात आला आहे हे तिला कळतच नाही. त्यांनी साठवण रिकामी केली, पान पुन्हा उघडले.

‘निरोपाचा फोन.’

मराठीत, मोठ्या अक्षरात, जिथे हवे तिथे.

 कोणत्या तरी देशात कोणी तरी ही प्रणाली लिहिताना आपल्या कामात मुद्दाम जागा सोडून ठेवली होती. साजाटोला हे नाव त्याच्या कानावर कधी पडणार नव्हते. मुन्नालालचे दुकान त्याला दिसणार नव्हते. तरी जागा होती, आणि ती नेमकी इथे कामी आली होती. या वेळी आभार मानायला निदान एक पत्ता होता. उमरावांनी चौपालीवर लिहिले : ‘काम झाले. आता चौतीस माणसे आत येतील. मी आपला मनापासून आभारी आहे.’

उत्तर आले : ‘आनंद वाटला. कोणती चौतीस माणसे?’

 उमरावांनी लिहिले : ‘शेजारची.’

*

शेवटचा रकाना भरायला मुन्नालालला फोन करणे भाग होते.

“हैलो, साजाटोला से मुन्नालाल.” मागे बकरी ओरडत होती. “लिस्टवाले बाबूजी? बोलो, किसको बुलाऊँ? आधा टोला तो आपकी लिस्ट में है.”

“बुलाना नहीं है. इतना बताओ, किसी के नाम का फोन आए तो उसको कौन बताता है?”

“मैं तो गल्ला छोड़ के जाता नहीं. अनुसयाबाई जाती है, और कौन? किसकी बांधी किधर है, कौन आज किसके यहाँ काम पे है, सब उसको मालूम. अपने घर में नमक है कि नहीं, वो नहीं मालूम.”

उमरावांनी त्या दिवशी साऱ्यांची नावे भरली. केशोरावांनी माडीवर ती पडद्यावर वाचली आणि कपाळाला हात लावला.

“सगळीकडे अनुसयाबाई. ही बाई आहे की टपाल खातं?”

*

जुलैच्या मध्यावर धानाची रोवणी, म्हणजे लावणी, ऐन भरात आली. एका शुक्रवारी सकाळी मंडळाच्या जिन्यावर एक माणूस धापा टाकत चढला. डोमनलाल पटले, गोरेगावच्या बाजूचा शेतकरी. त्याची मुलगी रविता रात्री बाळंत झाली होती. बाळ सुखरूप होते, पण रविताचा रक्तस्राव थांबायला फार वेळ लागला होता. डॉक्टरांनी त्याच्या हाती चिठ्ठी दिली होती : बी निगेटिव्ह, तीन पिशव्या, आजच.

“रक्तपेढीत हा गट नाही म्हनतात जी,” डोमनलाल म्हणाला. “जावयाचा जुडत नाही, माहा जुडत नाही. नागपूरवरून आनाले उद्या होईल म्हनतात. डॉक्टरीनबाई उद्याचा नावच घेऊ देत नाही.”

उमरावांनी यादीत शोध घेतला. गट दुर्मीळ, पडद्यावर मोजकीच नावे आली. एक जण पुण्याला गेलेला. एकाने मागच्याच महिन्यात रक्त दिलेले. एकाचा फोन बंद. उरली ती चार नावे एकाच घराण्यातली : खुशाल, दुधराम, खुमेंद्र आणि अनुसयाबाई. चौघांपुढे एकच क्रमांक.

केशोरावांनी रिसीव्हर स्वतः उचलला. डोमनलाल समोरच्या खुर्चीवर बसला आणि त्यांच्या बोटाकडे पाहू लागला. केशोरावांनी खुर्ची थोडी वळवली.

“हैलो, साजाटोला से मुन्नालाल.”

“मुन्नालाल, गोंदिया से केशोराव बोल रहा हूँ, रक्तदाता मंडल. खुशाल, दुधराम, खुमेंद्र, अनुसयाबाई. कोणीही चालेल, सगळे आले तर उत्तम. अर्जंट आहे.”

“साहब, पूरा टोला रोवणी में है. दुकान पे मैं हूँ और मेरी बकरी.”

“और अनुसयाबाई?”

“वो भी रोवणी में. सब से आगे वही तो रहती है.”

केशोरावांनी डोळे मिटले. मग अतिशय सावकाश म्हणाले, “मुन्नालाल, एक बच्ची है. रात को माँ बनी है. शाम तक का टाइम है.”

 पलीकडे खट्ट झाले आणि फोन कट झाला.

केशोरावांनी पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नुसतीच घंटी.

“उचलत नाही.” त्यांनी रिसीव्हर उमरावांपुढे धरला. “उमरावभाऊ, मी म्हटलं होतं. उचलतच नाही.”

उमराव घंटीचा तो आवाज ऐकत होते. बिघडलेल्या यंत्राचा आवाज ऐकताना त्यांची मान जशी तिरपी होई तशी ती झाली होती.

“उचलत नाही,” ते म्हणाले, “म्हणजे तो दुकानात नाही.”

“मग?”

“तो गल्ला सोडून कधी जात नाही, केशोराव.”

*

रक्तपेढीच्या पायऱ्यांवर तिघे वाट पाहत बसले. एक वाजून गेला. डोमनलालने एकदाच विचारले, “येतील ना जी?” आणि उत्तराची वाट न पाहता मान फिरवली. उमरावांच्या मनात दहा वर्षांपूर्वीचा दुधाचा गडू होता. केशोरावांच्या मनात गेल्या दिवाळीचा बाप. 

दोनच्या सुमाराला फाटकातून ट्रॅक्टर धडधडत आत आला. ट्रॉली मागेच सोडलेली. चालवणारा दुधराम, दोन्ही मडगार्डांवर खुशाल आणि खुमेंद्र, आणि खुशालच्या मागे पदर घट्ट बांधून, जणू बैलबंडीतून जत्रेला निघावे तशी बसलेली अनुसयाबाई. चौघांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. तो वाळून पांढरा पडू लागला होता.

“मुन्नालाल बांधीच्या धुऱ्यावर येऊन बोंबलला जी,” खुशाल उतरता उतरता सांगू लागला. “जलमात त्याले कोनी धुऱ्यावर पाहिला नव्हता. आमाले वाटला, दुकानाले आग लागली. मालकानं टॅक्टर देला, म्हने रोवाचे पऱ्हे कोठी पळून नाही जात, जा.”

दारातला शिपाई आडवा झाला. “ऐसे अंदर नहीं जाना. पैर देखो. फर्श अभी पोंछा है.”

चौघेही जागच्या जागी थांबले. खुमेंद्रने पाय मागे घेतला, जणू चूक पायाचीच होती.

केशोराव उठले. नळाखालची बादली त्यांनी भरली, शिपायाचा प्लास्टिकचा मग घेतला आणि पहिल्या पायरीशी येऊन लेंगा सावरत वाकले.

“पाय पुढे करा.”

“राहू द्या जी साहेब,” खुशाल ओशाळला. “आमी धुतो ना.”

“पाहुणा दारात आला की पायावर पाणी घरचा माणूस घालतो. आमच्याकडे तरी तशी रीत आहे. तुमच्याकडे नाही?”

“हाय ना जी.”

“मग करा पुढे.”

पांढऱ्या लेंग्यावर चिखलाचे शिंतोडे उडत राहिले. केशोराव एकेकाच्या पायावर पाणी घालत होते आणि पायऱ्यांवरून गढूळ ओघळ खाली जात होता. अनुसयाबाईने मात्र जराही संकोच केला नाही.

“टाचेवर बी घाला जी. नाही त तो मानूस मले पुन्हा हाकलन.”

शिपाई दार उघडून बाजूला झाला.

आत वजन झाले, बोटाला सुई टोचली गेली. तिघे पास झाले. अनुसयाबाई एकटीच परत बाहेर आली. तिच्या अंगात रक्त कमी होते. घेणे तिच्याच जिवाला बरे नव्हते. ती उमरावांसमोर उभी राहिली.

“माहा नाही घेत म्हनते.”

“तुमच्या अंगात कमी आहे, बाई. आधी तुम्हाला औषध घ्यावे लागेल. मी विचारून ठेवतो.”

“एवढी आली ना जी मी. तीन बांध्या तुडवत गेली या पोट्ट्याइले शोधाले. दुधराम त भलत्याच मालकाकडे होता आज.” तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. “मंग माहा नाव कायले भरला होता तुमी?”

उमराव आपसूक उभे राहिले. “तुमचे नाव एकदा नाही, चौतीस वेळा भरले आहे. तिघांचे रक्त आत घेताहेत. ते आले कशाने? तुम्ही निरोप पोचवलात म्हणून.”

अनुसयाबाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. “तुमी शिकलेले लोक बोलता चांगला,” ती म्हणाली आणि पायरीवर बसली. पण मग पदराने तोंड पुसून तिने डोमनलालला विचारले, “लेकरू का हाय तुमच्याकडे? पोरगी का पोरगा?”

“पोरगी.”

“मंग झाला. मोठी झाली का फोनवाली होईल.”

*

सगळ्या तपासण्या उरकून पहिली पिशवी रविताच्या खाटेला लागली तेव्हा ऊन उतरले होते. डोमनलाल तिच्या पायाशी उभा होता. तिच्या ओठांवर परतणारा रंग त्याला दिसला की नुसता भासला, ते त्याला सांगता आले नसते. पण डॉक्टरीणबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या, तेव्हा तोही भिंतीला टेकला. मग एकदम आठवण झाल्यासारखा तो बाहेर धावला आणि चहाचे ग्लास घेऊन पायऱ्यांपाशी आला.

पायऱ्या रिकाम्या होत्या. ट्रॅक्टर नव्हता. वाळलेल्या चिखलाची एक रेघ तेवढी फाटकाकडे गेली होती.

“गेले?” त्याचे हात ग्लासांसह तसेच राहिले. “मी त एक शब्द बी नाही बोललो जी त्याइच्याशी. नाव बी नाही इचारला.”

उमराव त्या ग्लासांकडे पाहत होते. 

“नावे आहेत,” ते म्हणाले. “खुशाल, दुधराम, खुमेंद्र. आणि अनुसयाबाई. मालकाची बांधी अर्धी राहिली होती म्हणून गेले. फोनही आहे.”

केशोरावांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांनी नंबर यादीत पाहिला नाही; तो त्यांना एव्हाना पाठ झाला होता. घंटी वाजली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला आणि बकरी ओरडली.

“हैलो, साजाटोला से मुन्नालाल. किसको बुलाऊँ?”

डोमनलालने चहाचे ग्लास उमरावांच्या हाती दिले आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“सगळ्याइले,” तो म्हणाला. “सगळ्याइले बलवा जी. मी थांबतो.”

त्या रात्री जेवणाआधी उमरावांनी संकेतस्थळावर दिवसाची नोंद केली. साजाटोल्याची नावे कापायची की ठेवायची, हा विषय केशोरावांनी पुन्हा कधी काढला नाही. नोंद अशी होती : १७ जुलै २००९. गट बी निगेटिव्ह. लागल्या तीन, मिळाल्या तीन.